मरोळहून वेसावा : समुद्राने परत दिलेले

मरोळमधून समुद्र दिसत नाही. विमाने दिसतात, मेट्रोचा पूल दिसतो, बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो. पण समुद्र पाहायचा तर मरोळ नाक्याहून मेट्रोने सातवे स्टेशन गाठावे लागते. तरीही मरोळचे जे काही हरवते ते बहुतेक समुद्रातच जाते. मिठी आमच्या मागून वाहते. विहार तलाव भरून वाहू लागला की ते पाणी आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काठावरच्या घरांतून काय काय त्या वाटेने गेले याची यादी आमच्या नानीला अजून पाठ आहे. दोन पातेली, शिलाई मशीनचे झाकण, मुलांची दप्तरे आणि तिच्या आईने दिलेले पितळी पानदान.

म्हणून ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही वेसाव्याला निघालो तेव्हा नानीने विचारले, “समुद्र परत करतो म्हणता ना? मग माझे पानदान बघून या.”

आम्ही म्हणजे एकाच इमारतीतली तीन घरे : एक कोकणातले, दापोलीकडचे, एक जौनपूरहून येऊन चाळीस वर्षे मरोळमध्ये मुरलेले, आणि एक सोलापूरचे. मोठी माणसे सहा, मुले पाच. आदल्या दोन दिवसांत समुद्र चांगलाच खवळला होता. भरतीच्या लाटा साडेचार मीटरच्या वर जाणार असल्याचा इशारा पालिकेने दिला होता, आणि अशा भरतीनंतर ओहोटी लागली की किनाऱ्यावर ‘माल’ लागतो, ही बातमी मुलांनी शाळेतून आणली होती. फजरची नमाज आटोपून, डब्यात अंडाभुर्जी-पाव घेऊन आम्ही पहिल्या गाड्यांपैकी एक पकडली. वर्सोवा स्टेशनहून पुढे रिक्षा. किनारा स्टेशनला लागून नाही, हे नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

वेसाव्याचा किनारा पावसाळ्यात ओळखू येत नाही. मे महिन्यात जिथे मऊ वाळूचा उतार असतो तिथे आता कंबरेएवढा कडा तुटलेला. खाली काळसर, घट्ट थर उघडा पडलेला, त्यावर शिंपले, खडे, जाळ्यांचे तुकडे. हे असे का होते, ते तिथल्या एका वयस्कर कोळी काकांनी आम्हाला दोन वाक्यांत सांगितले : “पावसात दर्या वाळू नेतो, थंडीत आणून टाकतो. ती काय त्याची, त्याचीच.” पुस्तकातही तेच आहे. पावसाळी लाटा उंच असतात आणि एकामागून एक आदळतात. परतताना त्या वाळू ओढून खोल पाण्यात तिची पट्टी बांधतात. हवा निवळली की लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू काठाला आणतात. या ओढाताणीत हलकी वाळू वाहून जाते आणि जड वस्तू खाली बसत बसत कठीण थरावर जाऊन टेकतात. वर्षभरात कुणाच्या बोटातून निसटलेली अंगठी, खिशातून पडलेले नाणे, जाळ्याचे शिसे, सगळे एकाच मजल्यावर राहायला येते. समुद्र वरचा मजला उचलून नेतो तेव्हा खालचा दिसू लागतो, एवढेच. जाणते शोधणारे म्हणूनच सोने शोधत नाहीत. ते शिसे शोधतात. जाळ्याला लावलेली शिशाची वजने आणि जड खडे जिथे एका रेषेत जमलेले दिसतात, तिथे ते बसकण मारतात.

असे शोधणारे त्या सकाळी पंधरा-वीस तरी होते. काहींच्या हातात चाळण, काहींच्या हातात दोरीला बांधलेले लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधून काढलेले चुंबक सगळ्यात ताकदीचे, असे एका मुलाने अभिमानाने सांगितले. गणपती विसर्जनानंतर दादर-गिरगावच्या किनाऱ्यांवर, आणि वसईच्या खाडीत गाडीतून लोक नाणी टाकतात तिथे, अशीच मुले आपण पाहिलेली असतात. पण चुंबकाची एक गंमत आहे. १९९२ पासून निघालेला स्टीलचा रुपया त्याला टपकन चिकटतो. ऐंशीच्या दशकातला तांबे-निकेलचा जाड रुपया चिकटत नाही, पाच रुपयांचे पिवळे नाणे चिकटत नाही, आणि सोने-चांदी तर मुळीच नाही. म्हणजे चुंबकवाल्याला स्वस्त तेवढे मिळते. महाग ते त्याच्या दोरीखालून निघून जाते.

त्यासाठी मेटल डिटेक्टर लागतो. आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटले की मेट्रोच्या दारातली चौकट आठवते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र वादळ ओसरल्यावर निवृत्त माणसे काठीला लावलेली थाळी घेऊन किनाऱ्यावर तासन्‌तास फिरतात. तो तिथला रीतसर छंद आहे. थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज फिरते, तिच्यामुळे जमिनीतल्या धातूत बारीक प्रवाह उठतात आणि यंत्राला त्यांची चाहूल लागते. समुद्रकाठी मात्र खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे साधे यंत्र ओल्या वाळूवर उगाच ओरडत सुटते. तिथे थांबून थांबून झटके देणारे वेगळे यंत्र लागते. वेसाव्यावर त्या दिवशी असे यंत्र एकाकडेही नव्हते. लोकांचे डोळे आणि तळपाय हेच यंत्र.

आमच्यातल्या सोलापूरच्या चाचांना हे दृश्य पाहून आपले गाव आठवले. महाराष्ट्रात झारेकरी म्हणून एक जमात आहे, मुसलमानांतही हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. सोनारांच्या दुकानासमोरची धूळ झाडून न्यायची, राख-माती पाण्यात हलवत हलवत धुवायची आणि तळाशी उरलेला सोन्याचा कण वेगळा काढायचा. समुद्र जे वाळूचे करतो तेच झारेकरी परातीत करतो : हलके वाहू द्यायचे, जड राखायचे. पण एक फरक चाचांनी आवर्जून सांगितला. झारेकरी सोनाराला विचारून, पैसे मोजून धूळ उचलतो. तो मालाचा मालक होऊनच कामाला बसतो. इथे वाळूतले कोणाचे?

त्या प्रश्नाशी आमची गाठ अर्ध्या तासात पडली. आमच्यातल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या पायाला कड्याच्या तळाशी काहीतरी टोचले. त्याने बोटांनी उकरले तर अंगठी. काळी पडलेली, रुंद, पुरुषी घडणीची. घासल्यावर चांदी निघाली. वर खडा होता. आतल्या बाजूला काहीतरी कोरलेले होते. ते काय, आणि खडा कोणता, हे आम्ही इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

मुलगा हरखून गेला. चांदीची अंगठी पुरुषाला घालता येते, हे त्याला मदरशात शिकवलेले होतेच. “मिळाली ती माझी ना?” त्याने तिथेच बोटात घालून पाहिली, सैल झाली. मग तीन घरांत जी चर्चा सुरू झाली ती वाळूवर, डबा उघडून, पुढचे दोन तास चालली, आणि खरे सांगायचे तर त्या सहलीतला तोच भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला.

सापडलेल्या वस्तूला शरीअतमध्ये ‘लुकता’ म्हणतात. ह. झैद बिन खालिद (रजि.) यांच्या हदीसमध्ये एका माणसाने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना याबद्दल विचारल्याचे येते. उत्तराचा आशय असा : थैली कसली आहे, तिची दोरी कशी आहे ते नीट ध्यानात ठेव, वर्षभर जाहीर करत राहा, मालक आला तर त्याला दे, नाही तर वापर. त्याच माणसाने हरवलेल्या शेळीबद्दल विचारले, तेव्हा ती तुझ्या हाती लागेल, तुझ्या भावाच्या नाही तर लांडग्याच्या, म्हणून ती धरून ठेवण्याची मुभा मिळाली. उंटाबद्दल विचारले तेव्हा मात्र प्रेषितांना राग आला. उंटाजवळ त्याचे पाणी आहे, चालायला पाय आहेत. मालक गाठेपर्यंत तू त्याला हात लावू नकोस. जी वस्तू स्वतःला सांभाळू शकते ती राहू द्यायची. जी नष्ट होईल ती मालकासाठी उचलायची. अंगठीला पाय नाहीत. पुढच्या भरतीत ती पुन्हा गेली असती. तेव्हा उचलली ते बरोबर, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

थैली आणि दोरी ध्यानात ठेवण्यामागची हुशारी मुलांना समजावून द्यावी लागली. जाहीर करायचे, पण सगळे नाही. “अंगठी सापडली आहे” एवढेच सांगायचे. खडा आणि अक्षरे मालकाने सांगायची. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा पासवर्ड आहे, असे आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने म्हटले, आणि आम्हाला ते पटले.

मतभेद झाला तो वर्षानंतरचा. कोकणी घर शाफई. त्यांच्या मते वर्षभर प्रामाणिकपणे जाहीर करूनही मालक आला नाही तर सापडलेल्याने ती आपली करावी, मात्र मालक कधीही उगवला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते. जौनपूरचे घर हनफी; त्यांच्या मते सापडलेला खाऊन-पिऊन सुखी असेल तर त्याने ती मालकाच्या वतीने सदका करावी, गरजू असेल तर स्वतः वापरावी. आणि मालक नंतर आलाच, तर सदका त्याने कबूल करावा किंवा भरपाई घ्यावी, हे त्याच्या मर्जीवर. मुलाने लगेच “मग आपण शाफई होऊ” म्हटले, त्यावर हशा पिकला. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट सारखीच आहे, हे मौलानांनी नंतर दाखवून दिले : वर्ष उलटले तरी मालकाचा हक्क संपत नाही. मुदत आपल्याला आहे, त्याला नाही.

समुद्राचा विषय निघाला तशी ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली बनी इस्राईलमधल्या माणसाची गोष्टही निघाली. त्याने एकाकडून हजार दीनार उसने घेतले; साक्षीदार आणि जामीन म्हणून अल्लाहच पुरे, असे ठरले. फेडीच्या दिवशी त्याला पलीकडे जायला जहाज मिळेना. मग त्याने लाकडाचा ओंडका कोरला, आत दीनार आणि चिठ्ठी ठेवली, तोंड बंद केले आणि ओंडका पाण्यात सोडला. पलीकडच्या किनाऱ्यावर देणेकरी वाट पाहत होता. जहाज काही दिसेना, म्हणून जळणाला होईल अशा हिशेबाने त्याने वाहून आलेला ओंडका उचलला. घरी फोडला तर पैसे आणि चिठ्ठी. पुढे कर्जदार दुसरे हजार दीनार घेऊन आला. देणेकऱ्याला गप्प बसून दोन हजार घेता आले असते. त्याने सांगितले, तुझे लाकूड पोहोचले. आम्ही ही गोष्ट लहानपणापासून कर्जफेडीची म्हणून ऐकत आलो होतो. वेसाव्याच्या वाळूवर बसून ऐकली तेव्हा जाणवले, ही किनाऱ्यावर सापडलेल्या मालाचीही गोष्ट आहे. बुखारींनी ती समुद्रातून मिळणाऱ्या वस्तूंच्या प्रकरणातही घेतली आहे.

त्याच प्रकरणात अंबरचा उल्लेख येतो. अंबर म्हणजे समुद्राने बाहेर टाकलेली वस्तू, ती पुरलेले धन नव्हे, म्हणून तिच्यावर पाचवा हिस्सा नाही, असे ह. इब्न अब्बास (रजि.) यांचे मत, ह. हसन बसरी यांचे मत याच्या उलट. हा वाद आज आपल्या उपयोगाचा नाही, पण अंबर मात्र आहे. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत गेल्या काही वर्षांत ‘व्हेलची उलटी’ विकायला निघालेल्या अनेकांना पोलिसांनी पकडले. स्पर्म व्हेल हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्यापासूनचा पदार्थ बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा मेणचट, राखाडी, वासाचा गोळा दिसला तर पिशवीत घालू नका, वन खात्याला कळवा.

बाकी वस्तूंबद्दल देशाचा कायदा काय सांगतो तेही आमच्यातल्या एका वकिलीच्या विद्यार्थ्याने तिथेच मोबाइलवर काढले. रस्त्यात रुपया सापडला आणि मालक माहीत नसताना उचलला, तर तो गुन्हा नाही, हे उदाहरण जुन्या दंडसंहितेच्या कलम ४०३ मध्येच दिलेले होते. पण मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता, वाजवी काळ वाट न पाहता वस्तू गिळली तर अपहार. आता हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. १८७२ चा करार कायदा सापडलेल्या वस्तूची काळजी घेण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर टाकतो. आणि जमिनीत दडवलेले धन, दहा रुपयांहून अधिक किमतीचे, सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते; लपवले तर वर्षभराची कैद होऊ शकते. दहा रुपयांची ही मर्यादा कायद्यात अजून तशीच आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे सापडले तर ते पुरावस्तू ठरते. आमची अंगठी यात कुठेच बसत नव्हती. ती अलीकडची, कुणाच्या तरी बोटातली.

मुंबईच्या समुद्रातला सगळ्यात मोठा सोन्याचा किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी, आणि एकतीस पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा. शेकडो माणसे मेली, गोदीचा परिसर बेचिराख झाला आणि अठ्ठावीस पौंडांच्या विटा गोळ्यांसारख्या उडाल्या. एक वीट सुमारे मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना विटा निघत राहिल्या. आज १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्या दिवशी मेलेल्या जवानांसाठी. विटांची गोष्ट मात्र लोक अधिक चवीने सांगतात, याचे थोडे वाईट वाटते.

सोन्याच्या आशेने किनारा धरणे गरिबीशीही जोडलेले आहे. आंध्रात काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावी नोव्हेंबर २०२० मध्ये निवार चक्रीवादळानंतर वाळूत सोन्याचे मणी सापडल्याची बातमी पसरली आणि गावातल्या बायका-मुले दिवसभर वाळू चाळत बसली. त्या किनाऱ्याने वर्षानुवर्षे घरे आणि देवळे गिळली आहेत. आपल्याच गावच्या बुडालेल्या घरांतले कण लोक वेचत होते. आमच्या वेसाव्याला त्या दिवशी चाळण घेऊन बसलेले जे होते, त्यातल्या काहींची मासेमारी जून-जुलैच्या बंदीमुळे थांबलेली होती. दोन-चार तासांत कुणाला तीस रुपये मिळाले, कुणाला साठ. आमच्या मुलांसाठी तो खेळ होता. हा फरक मुलांना न सांगता कळला असावा, कारण चाळणीवाल्या पोराला त्यांनी आपली सगळी नाणी, एकूण एकोणीस रुपये, देऊन टाकली.

नाण्यांपेक्षा पुष्कळ जास्त मिळाले ते प्लास्टिक. चपला, त्याही सगळ्या एकेकट्या. गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, मरोळच्याच एका दुकानाचे नाव असलेली पिशवी. मिठीने नेलेले माहीमला, माहीमहून लाटांनी फिरवत कुठेही. याच किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पाहता पाहता शेकडो हात लागले, लाखो किलो कचरा निघाला, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना गौरवले, आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले या वाळूतून समुद्राकडे धावताना लोकांनी पाहिली. नंतर त्यांनी मिठीचे कामही हाती घेतले. समुद्र आपले आपल्याला परत करतो, याचा पुरावा त्या पिशवीपेक्षा वेगळा काय हवा, असे नानीला सांगितले तर ती म्हणाली, “पिशवी आणलीत, पानदान नाही.”

अंगठी हरवणे काय असते हेही तिनेच मुलाला सांगितले. प्रेषितांची चांदीची मुद्रा त्यांच्यानंतर ह. अबू बक्र, ह. उमर आणि ह. उस्मान (रजि.) यांच्या हाती आली. ह. उस्मान मदिन्यातल्या अरीस विहिरीच्या काठावर बसले असताना ती विहिरीत पडली. तीन दिवस शोध घेतला, पाणी उपसले, सापडली नाही. मुलाने विचारले, मग ते रडले का? नानी म्हणाली, मला माहीत नाही, पण मी पानदानासाठी रडले होते. त्यानंतर त्याने अंगठी पुन्हा बोटात घातली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात लेखी नोंद दिली. किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आणि कोळीवाड्यात सांगून ठेवले. मशिदीच्या आत हरवल्या-सापडल्याची घोषणा करू नये अशी ताकीद असल्याने, दाराबाहेरच्या फलकावर चिठ्ठी लावली : मरोळमध्ये, अंधेरीत आणि वेसाव्याला. आतापर्यंत चौघे जण विचारून गेले. एकाने सोन्याची म्हणून सांगितली. दोघांनी खडा चुकवला. चौथे गृहस्थ वयाने मोठे होते. त्यांनी खडा बरोबर सांगितला, पण आतली अक्षरे सांगता आली नाहीत. अंगठी मुलाची होती, मुलगा आता नाही, आत काय होते ते पाहिले नव्हते, म्हणाले. त्यांना अंगठी दाखवावी की नाही यावर तिन्ही घरे पुन्हा बसली. मौलानांनी सुचवले की त्यांच्या सुनेला, म्हणजे ज्याची अंगठी त्याच्या बायकोला, विचारावे. ती सध्या माहेरी, खेडला आहे. निरोप गेला आहे.

तोपर्यंत वेसाव्याच्या किनाऱ्यावर चांदीची पुरुषी अंगठी हरवलेल्या कुणीही या मासिकाच्या कार्यालयात खडा आणि आतली अक्षरे लिहून कळवावे. आमची मुदत येत्या ऑगस्टपर्यंत आहे.